जर्मन गाडी म्हणजे भरवसा? फोक्सवॅगनच्या नावामागचा हिशेब

मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत नववीतला एक मुलगा आमच्याकडे आला. चेहरा खुललेला. "सर, मामूंनी पोलो घेतली. सेकंडहँड आहे, पण जर्मन आहे. दरवाजा लावला की कसा 'ठप्प' आवाज येतो!" शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याने लगेच विचारलं, "सर, तीच ना ती कंपनी, धुराच्या टेस्टमध्ये कॉपी करून पकडलेली?" पहिल्याचा चेहरा पडला. दोघंही आमच्याकडे बघत राहिले, म्हणजे निकाल आता सरांनी द्यायचा.

खरं सांगायचं तर दोघंही बरोबर होते. फोक्सवॅगनचा दरवाजा खरंच तसा लागतो आणि फोक्सवॅगनने कॉपीही केली. आपल्या घरांत गाडी ही आयुष्यात एकदा-दोनदा घ्यायची वस्तू. वर्षानुवर्षांची बचत त्यात जाते आणि आपण बहुतेक वेळा नाव बघून घेतो. म्हणून हे नाव कसं तयार झालं, कसं घसरलं, हे एकदा नीट पाहू या.

'फोक्सवॅगन' या जर्मन शब्दाचा अर्थ जनतेची गाडी. नाव गोड आहे, जन्म मात्र गोड नाही. 1930 च्या दशकात जर्मनीत मोटार ही श्रीमंतांची चीज होती. सत्तेवर आलेल्या हिटलरला सामान्य कुटुंबाला परवडेल अशी गाडी हवी होती आणि त्याहून जास्त, त्या गाडीचा प्रचार हवा होता. 1934 मध्ये आराखड्याचे काम फर्डिनांड पोर्शे या इंजिनिअरकडे गेले. 1937 मध्ये कंपनी स्थापन झाली आणि 1938 मध्ये फालर्सलेबेन गावाजवळ कारखान्याची पायाभरणी झाली. यासाठी पैसा कुठून आला? नाझींनी 1933 मध्ये कामगार संघटना मोडून काढल्या, त्यांची मालमत्ता जप्त केली आणि त्या जागी स्वतःची सरकारी संघटना उभी केली. जनतेची गाडी बनवणारा कारखाना उभा राहिला तो याच लुटलेल्या पैशाच्या आधाराने.

गाडीची किंमत जाहीर झाली 990 मार्क. एवढी रक्कम एकदम कोण देणार? म्हणून बचत योजना निघाली. आठवड्याला निदान 5 मार्कांचे तिकीट घ्यायचे, पुस्तिकेत चिकटवायचे, पुस्तिका भरली की गाडी. आपल्याकडची बीसी डोळ्यांसमोर आणा, फरक इतकाच की इथे व्याज तर नाहीच, मध्येच सोडलं तर पैसेही परत नाहीत. सुमारे 3 लाख 36 हजार लोकांनी तिकिटे चिकटवली. 1939 मध्ये युद्ध सुरू झाले आणि कारखान्यातून लष्करी गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या योजनेतून एकाही बचतदाराला गाडी मिळाली नाही. एकालाही नाही. युद्धानंतर काहींनी कोर्टात धाव घेतली. खटला कित्येक वर्षं रेंगाळला आणि 1961 मध्ये तडजोड झाली, ती अशी की नवीन गाडी घेतली तर जास्तीत जास्त 600 मार्क सूट, नाहीतर 100 मार्क रोख. हप्ते भरणाऱ्यांपैकी कितीतरी जण तोवर हयातही नसतील.

युद्धाच्या काळातलं पान याहून काळं आहे. कारखान्यात सक्तीने आणलेले सुमारे 20 हजार लोक राबले. पोलंड आणि सोव्हिएत भागांतून उचलून आणलेले मजूर होते, युद्धकैदी होते, छळछावण्यांतले कैदी होते, आउशवित्झमधून आणलेले हंगेरियन ज्यूही होते. एका टप्प्यावर कारखान्यातले अर्ध्याहून जास्त कामगार असे जबरीने आणलेले होते. त्यांतल्या स्त्रियांना मुलं झाली की ती आईपासून काढून घेऊन कंपनीच्या बालगृहात ठेवत. घाण, उपासमार आणि रोगराई यांमुळे तिथे 300 हून अधिक तान्ही बाळं दगावली. त्या बालगृहाची जबाबदारी असलेल्या डॉक्टरला युद्धानंतर ब्रिटिश लष्करी न्यायालयाने फाशी दिली.

कंपनीने हे सगळं पुष्कळ वर्षं झाकून ठेवलं. नंतर मात्र हान्स मोम्सेन या नामवंत इतिहासकाराकडे काम सोपवले. 1996 मध्ये त्यांचा जाडजूड ग्रंथ आला आणि त्यात काही लपवलेले नव्हते. 1998 मध्ये कंपनीने हयात असलेल्या जबरी मजुरांसाठी निधी काढला. उशीर झाला, पण झालं, हे मान्य केलं पाहिजे.

मात्र जबरी मजुरी हा शब्द कंपनीच्या मागे पुन्हा लागला, तोही आपल्या काळात आणि थेट शिनजियांगमध्ये. चीनच्या या प्रांतातल्या उरुमची शहरात चिनी भागीदाराबरोबर फोक्सवॅगनचा एक कारखाना 2013 मध्ये सुरू झाला. उइगर मुसलमानांना छावण्यांत डांबल्याच्या आणि सक्तीने राबवल्याच्या बातम्या जगभर गाजू लागल्या तेव्हा साहजिकच प्रश्न आला की ज्यांचा स्वतःचा इतिहास असा, ते तिथे काय करतात? कंपनीने 2023 मध्ये बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करून घेतली आणि कारखान्यात जबरी मजुरीचा पुरावा नाही असे सांगितले. टीकाकार म्हणाले, जिथे तोंड उघडायची भीती आहे तिथे कामगार तपासनिसाला खरं काय सांगणार? नोव्हेंबर 2024 मध्ये कंपनीने तो कारखाना विकायचा निर्णय जाहीर केला. कारण दिले धंद्याचे. उइगरांचे नाव त्या कारणात नव्हते.

आता पुन्हा 1945. कारखाना बॉम्बहल्ल्यांनी मोडलेला, भाग ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात. त्या वस्तीला तेव्हाच वोल्फ्सबुर्ग हे आजचे नाव मिळाले. ब्रिटिश लष्कराचे मेजर आयव्हन हर्स्ट तिथे नेमले गेले. सैन्याला गाड्यांची टंचाई होती. हर्स्ट यांनी जुन्या आराखड्याची एक गाडी अधिकाऱ्यांना दाखवली आणि 20 हजार गाड्यांची ऑर्डर मिळवली. गंमत म्हणजे ब्रिटिश मोटार उद्योगातल्या जाणकारांना ही गाडी बघून ती कोण घेणार असंच वाटलं होतं! आमच्या मते कंपनीच्या नावलौकिकाचा खरा पाया हर्स्ट यांनी घातला. छपरातून पाणी गळत होतं, पत्रा मिळत नव्हता, त्या दिवसांतही त्यांनी मालाची तपासणी आणि विक्रीनंतरची सेवा या दोन गोष्टींवर जोर दिला.

1948 मध्ये हाइनरिख नॉर्डहॉफ प्रमुख झाले आणि पुढची वीस वर्षं त्यांनी तेच धोरण चालवलं. गाडी दिसायला तशीच गोलमटोल ठेवायची, पण आतला एकेक भाग सुधारत राहायचा. इंजिन मागे आणि हवेने थंड होणारं. रेडिएटरच नाही, म्हणजे थंडीत पाणी गोठायची किंवा उन्हात उकळायची भानगड नाही. कोणत्याही साध्या गॅरेजात दुरुस्त होईल अशी रचना. 1955 मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली. लोक तिला लाडाने बीटल, म्हणजे भुंगा म्हणू लागले. 1972 मध्ये तिने फोर्डच्या मॉडेल टीचा विक्रम मोडला. शेवटची जुनी बीटल 2003 मध्ये मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात तयार झाली, तोवर 2 कोटी 15 लाखांवर गाड्या बनल्या होत्या.

अमेरिकेत ही गाडी खपवणं सोपं नव्हतं. हिटलरची गाडी म्हणून लोक नाक मुरडत. ज्या एजन्सीने तिच्या गाजलेल्या जाहिराती केल्या तिचे एक संस्थापक बिल बर्नबॅक स्वतः ज्यू होते. त्यांची एक जाहिरात आम्हाला फार आवडते. बीटलचा फोटो आणि खाली एकच शब्द, लिंबू. इंग्रजीत सदोष गाडीला लिंबू म्हणतात. खाली खुलासा असा की डॅशबोर्डच्या कप्प्यावरची चमकती पट्टी किंचित खराब होती, म्हणून तपासनिसाने ही गाडी बाहेरच सोडली नाही. म्हणजे कंपनी छाती ठोकून सांगत होती की आमचे तपासनीस एवढे कडक आहेत. तपासणी हीच तिची ओळख झाली. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

1974 मध्ये गोल्फ आली आणि बीटलवरच सगळं अवलंबून असलेली कंपनी सावरली. नंतर सेआट, स्कोडा असे एकेक ब्रँड घरात आले, ऑडी त्याआधीच आलेली होती. आज मतांच्या हिशेबाने निम्म्याहून जास्त ताबा पोर्शे आणि पिएख घराण्यांकडे आहे, 20 टक्के लोअर सॅक्सनी या जर्मन राज्याकडे आणि सुमारे 17 टक्के कतारच्या सरकारी गुंतवणूक संस्थेकडे.

आता त्या कॉपीकडे येऊ. 2000 नंतर कंपनीला अमेरिकेत डिझेल गाड्या खपवायच्या होत्या. डिझेल इंजिनातून नायट्रोजन ऑक्साइड वायू जास्त निघतात. त्यांनी दमा बळावतो, फुप्फुसं खराब होतात. अमेरिकेचे नियम युरोपपेक्षा कितीतरी कडक होते. ते पाळायचे तर इंजिनावर भार, यंत्रणेची झीज आणि खर्च. ठरलेल्या वेळात, ठरलेल्या बजेटमध्ये जमेना. तेव्हा इंजिनिअरांनी गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये एक छुपी व्यवस्था घातली.

आपण पीयूसी काढायला जातो तेव्हा गाडी उभी असते, मागे नळी लावतात. मोठ्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागेवरच. वेग किती आणि किती वेळ, सगळं आधीच ठरलेलं. गाडीतल्या सॉफ्टवेअरने हेच हेरलं. चाकं पळतायत पण स्टिअरिंग हलत नाही, वेग अगदी वेळापत्रकाप्रमाणे, म्हणजे परीक्षा चालू आहे. लगेच धूर साफ करणारी यंत्रणा पुरी चालू. रस्त्यावर आली की यंत्रणा ढिली. आम्हा शिक्षकांना हा प्रकार नवा नाही. शाळा तपासणीच्या दिवशी फळ्यावर सुविचार, वर्ग चकाचक, वह्या तपासलेल्या आणि दुसऱ्या दिवशी जैसे थे! फरक हा की इथे सोडलेला धूर लोकांच्या छातीत जात होता, रस्त्यावर काही वेळा मर्यादेच्या 40 पट.

पकडलं कोणी? पोलिसांनी नाही, प्रतिस्पर्धी कंपनीनेही नाही. एका पर्यावरण संस्थेला दाखवायचं होतं की अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या डिझेल गाड्या स्वच्छ आहेत, मग युरोपात का नाहीत? तिने काम दिलं वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका छोट्या गटाला. त्या गटात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे दोन भारतीय संशोधकही होते. त्यांनी मोजमापाची यंत्रं गाडीतच बसवली, विजेसाठी सोबत जनरेटर घेतला आणि गाड्या खऱ्या रस्त्यांवर पळवल्या, एक तर लॉस एंजेलिसपासून सिएटलपर्यंत. जेट्टाचे आकडे मर्यादेच्या 15 ते 35 पट आले. आधी त्यांना स्वतःचीच यंत्रं बिघडली असं वाटलं. 2014 मध्ये अहवाल निघाला. कंपनी वर्षभर तांत्रिक सबबी सांगत राहिली.

18 सप्टेंबर 2015 ला अमेरिकी सरकारने नोटीस काढली. पाचच दिवसांत कंपनीचे प्रमुख मार्टिन विंटरकॉर्न पायउतार झाले. जगभरात अशा 1 कोटी 10 लाख गाड्या होत्या. 2017 मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला. दंड, भरपाई, गाड्या परत घेणं असा एकूण खर्च 3 हजार कोटी युरोच्या वर गेला. काही जण तुरुंगात गेले. तपासनिसाच्या कडकपणावर नाव कमावलेल्या कंपनीने तपासनिसालाच फसवलं, हे जर्मनीतल्या सामान्य माणसालाही फार लागलं.

आपल्याकडे काय झालं? औरंगाबादजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना 2001 पासून आणि पुण्याजवळ चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना 2009 पासून आहे. आपल्या ओळखीतली कितीतरी मुलं आयटीआय करून तिथे लागली आहेत. डिसेंबर 2015 मध्ये कंपनीने भारतातल्या सुमारे 3 लाख 23 हजार डिझेल गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावल्या. पुण्याच्या एआरएआय संस्थेने रस्त्यावर मोजणी केली तेव्हा उत्सर्जन मर्यादेच्या 1.1 ते 2.6 पट आढळले. मार्च 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने 500 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीचे म्हणणे असे की भारतात तेव्हा रस्त्यावरच्या मोजणीचा नियमच नव्हता, त्यामुळे नियमभंग नाही. ती सर्वोच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने सक्तीची कारवाई थांबवली. हा युक्तिवाद कायद्याच्या पुस्तकात बसत असेलही. पण वर्गात कोणी म्हणालं की "सर, कॉपी करू नये असं पेपरवर लिहिलंच नव्हतं", तर आम्ही काय म्हणू?

त्या दोन मुलांना आम्ही हे सगळं सांगितलं, मधली सुट्टी संपून घंटा झाली तरी. मामूंची पोलो डिझेल आहे का, हे पहिल्याला माहीतच नव्हतं. आम्ही म्हटलं, बेटा, आधी आरसी बुक बघ. पेट्रोल असेल तर या भानगडीशी संबंध नाही. डिझेल असेल आणि 2015 च्या नोव्हेंबरपर्यंत बनलेली असेल, तर चासी नंबर घेऊन मामूंना कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठव. पोलो, व्हेंटो, जेट्टा, स्कोडाची रॅपिड, सगळ्यांना हे लागू आहे. या गाडीचं 2015 च्या रिकॉलचं काम झालंय का, एवढंच विचारायचं, आणि उत्तर तोंडी नको, कागदावर घ्यायचं. काल तो पुन्हा भेटला. गाडी डिझेलच निघाली, 2013 ची. मामू या शुक्रवारी नमाजनंतर जाणार आहेत.