केरवारा, धुणीभांडी आणि उष्मांकांचा हिशेब

'दिवसभर घरातच पाय दुखेपर्यंत काम होते, मग आणखी वेगळा व्यायाम कशाला?' हा प्रश्न मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आला आहे. पूर्वी तो नुसता उद्गार होता. आता तो हिशेबाचा प्रश्न झाला आहे. खाल्लेल्या प्रत्येक पोळीची आणि चाललेल्या प्रत्येक पावलाची मोबाइलवर नोंद ठेवणाऱ्या शहरी मंडळींना रोज संध्याकाळी एक कोडे पडते. सकाळी अर्धा तास केर काढला, तासभर ओट्यापाशी उभे राहून स्वयंपाक केला, भांडी घासली. हे सारे 'व्यायाम' या रकान्यात मांडायचे की नाही?

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण तो तसा नाही. घरकामाची नोंद सढळ हाताने केली, तर आहाराचे गणित चुकते आणि महिनोन्‌महिने पथ्य पाळूनही वजनाचा काटा हलत नाही. ती मुळीच केली नाही, तर रोजच्या कित्येक तासांच्या श्रमाची किंमत शून्य ठरते. आणि हे श्रम बहुतांश घरांत स्त्रियांचे असतात. म्हणूनच या कोड्याचे उत्तर नीट समजून घेणे आवश्यक आहे.

हालचाल वेगळी, व्यायाम वेगळा

शरीरशास्त्राच्या अभ्यासकांनी या दोन शब्दांत स्पष्ट भेद केला आहे. १९८५ मध्ये कॅस्परसन, पॉवेल आणि क्रिस्टेन्सन या अमेरिकी संशोधकांनी केलेली व्याख्या आजही प्रमाण मानली जाते. स्नायूंच्या आकुंचनाने होणारी आणि ऊर्जा खर्च करणारी कोणतीही क्रिया म्हणजे शारीरिक हालचाल. तिच्यातील जो भाग आखीव, नियमित, पुन:पुन्हा केला जाणारा आणि शरीराची क्षमता टिकवण्याच्या वा वाढवण्याच्या हेतूने केलेला असतो, तो व्यायाम. या व्याख्येनुसार फरशी पुसणे ही नि:संशय शारीरिक हालचाल आहे; परंतु तिचा हेतू फरशी स्वच्छ करणे हा असल्याने ती व्यायाम ठरत नाही.

उष्मांकांना मात्र हेतू कळत नाही. हात मैदानात फिरो वा मोरीत, ऊर्जा खर्च होतेच. ती किती, एवढाच प्रश्न उरतो.

आकडे काय सांगतात?

हा खर्च मोजण्यासाठी 'मेट' नावाचे एकक वापरतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचा ऊर्जाखर्च म्हणजे एक मेट. व्यवहारात तो वजनाच्या प्रत्येक किलोमागे तासाला सुमारे एक किलोकॅलरी, म्हणजे आहाराच्या भाषेत एक उष्मांक, इतका धरतात. कोणत्या कामाला किती मेट लागतात, याची विस्तृत सूची बार्बरा एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. पुढे तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या.

२०११ च्या आवृत्तीनुसार उभ्याने भांडी घासणे आणि इस्त्री करणे यांना प्रत्येकी १.८ मेट, साध्या स्वयंपाकाला व कपडे वाळत घालण्याला सुमारे २, केर काढण्याला ३.३, गुडघ्यांवर बसून मध्यम जोराने फरशी घासण्याला ३.५, तर हाताने कपडे धुण्याला ४ मेट लागतात. तुलनेसाठी, ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने झपझप चालण्याला ४.३ मेट लागतात. तीन मेटपेक्षा कमी ती हलकी हालचाल, तीन ते सहा ही मध्यम आणि सहाच्या पुढे जोरकस, अशी सर्वमान्य विभागणी आहे. याचा अर्थ घरकाम ही एकजिनसी गोष्ट नाही. केर, फरशी आणि हाताने धुतलेले कपडे मध्यम श्रमांच्या पंक्तीत बसतात. स्वयंपाक, भांडी, इस्त्री मात्र हलक्याच गटात राहतात.

आता साठ किलो वजनाच्या एका गृहिणीच्या सकाळचा हिशेब करू गेल्यास काय दिसते? अर्धा तास केर काढण्याचे ९९, अर्धा तास भांड्यांचे ५४ आणि तासभर स्वयंपाकाचे १२०, असे एकूण २७३ उष्मांक होतात. हा आकडा सुखावणारा आहे, पण त्यात एक मेख आहे. त्या दोन तासांत ती नुसती खुर्चीवर बसून राहिली असती, तरी तिचे १२० उष्मांक खर्च झालेच असते. श्वास, हृदयाचे स्पंदन, शरीराचे तापमान यांचा खर्च थांबत नाही. म्हणजे कामामुळे झालेला जादा खर्च अवघा १५३ उष्मांकांचा. पंचवीस ग्रॅम कणकेच्या एका बिनतेलाच्या पोळीत सुमारे ८५ उष्मांक असतात. दोन तासांच्या कामाची ही जादा कमाई दोन पोळ्यांनाही पुरत नाही.

एकच खर्च दोनदा

नोंदवहीतील सर्वात मोठी गफलत याच्याही पुढची आहे. दिवसाची उष्मांकांची गरज ठरवताना बहुतेक साधने प्रथम जीवनशैली विचारतात: बैठी, मध्यम श्रमाची की कष्टाची? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला बैठ्या जीवनशैलीत दिवसाला १६६०, तर मध्यम श्रमाच्या जीवनशैलीत २१३० उष्मांक लागतात. या दोहोंतील ४७० उष्मांकांचा फरक हा दिवसभरातील कामांचाच असतो. 'मध्यम' हा पर्याय निवडताक्षणी केरवारा आणि स्वयंपाक यांचा खर्च त्या आकड्यात जमा झालेला असतो. त्यानंतर तीच कामे संध्याकाळी पुन्हा व्यायाम म्हणून नोंदवली, की एकाच पावतीचे पैसे दोनदा वसूल होतात.

बैठी जीवनशैली म्हणजे दिवसभर अंथरुणावर पडून राहणे, असाही समज चुकीचा आहे. त्या आकड्यातही स्नान, कपडे, घरातील थोडीफार आवराआवर गृहीत धरलेली असते. वरच्या उदाहरणातील २७३ उष्मांक रोज दुसऱ्यांदा मांडले आणि तेवढे खाल्लेही, तर महिन्याला ८१९० उष्मांक जादा होतात. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० उष्मांक. शरीर या अंकगणिताचे तंतोतंत पालन करीत नसले, तरी पथ्य करूनही वजन का उतरत नाही, याचे उत्तर अनेकदा इथेच सापडते.

आणखी एक मुद्दा सहसा लक्षात येत नाही. एखादी स्त्री दहा वर्षे तीच कामे करीत असेल आणि तिचे वजन स्थिर असेल, तर तिच्या आहाराने त्या कामांशी केव्हाच मेळ घातलेला आहे. तो खर्च नवा नाही. कामाला येणाऱ्या बाई महिनाभर गावी गेल्या, घर बदलले किंवा दिवाळीपूर्वी जळमटे काढण्यापासून माळा आवरण्यापर्यंतची साफसफाई निघाली, तर मात्र तो खरोखरच जादा श्रम असतो आणि त्याची वेगळी नोंद समर्थनीय ठरते.

थकवा हे माप नव्हे

घरकामाने दमायला होते, हे खरेच आहे. परंतु थकवा आणि उष्मांक यांचे प्रमाण सम नसते. मे महिन्यात शेगडीपुढे निथळणारा घाम हा मुख्यत: उष्णतेला शरीराने दिलेला प्रतिसाद असतो. एकाच जागी तासभर उभे राहिल्याने पोटऱ्या आणि कंबर दुखते, ती ऊर्जा फार खर्च झाली म्हणून नव्हे. मनगटावरची यंत्रेही या बाबतीत भरवशाची नाहीत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अशी सात यंत्रे तपासली. हृदयाचे ठोके त्यांतील बहुतेकांनी बऱ्यापैकी अचूक मोजले. उष्मांकांच्या बाबतीत मात्र सर्वात चांगल्या यंत्राची सरासरी चूकही सुमारे २७ टक्क्यांची निघाली.

माणसांच्या अंदाजाचीही तीच गत. उत्तर आयर्लंडमधील साडेचार हजारांहून अधिक प्रौढांची माहिती घेऊन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लोकांनी सांगितलेल्या मध्यम व जोरकस हालचालींपैकी सुमारे ३६ टक्के वाटा घरकामाचा होता. घरकाम वगळल्यास शिफारस केलेली पातळी गाठणाऱ्या स्त्रिया जेमतेम एक पंचमांश उरत होत्या. विशेष म्हणजे, घरकामाचा वेळ जितका अधिक सांगितला गेला, तितकी सडपातळपणाची शक्यता कमी आढळली. लोक श्रमांचा अंदाज फुगवून सांगत असावेत किंवा श्रमाची भरपाई खाण्यातून करीत असावेत, अशी त्याची कारणे संशोधकांनी सुचवली.

मग घरकाम निरुपयोगी?

मुळीच नाही. इथे वजनाचा प्रश्न आणि आरोग्याचा प्रश्न वेगळे करावे लागतात. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत असल्याचे त्यात दिसले. ते वाहक व्यायाम करीत नव्हते, तिकिटे फाडत होते. भारतासह सतरा देशांतील एक लाख तीस हजारांहून अधिक लोकांचा मागोवा घेणाऱ्या 'प्युअर' या अभ्यासाचे २०१७ मधील निष्कर्षही याच दिशेचे आहेत: हालचाल करमणुकीची असो, नोकरीतील असो वा घरकामाची, ती करणाऱ्यांत मृत्यूचे व हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत घरकामाचा शारीरिक हालचालींत स्पष्ट समावेश केला आणि हालचाल सलग दहा मिनिटे तरी झालीच पाहिजे, ही आधीची अट काढून टाकली. म्हणजे पाच मिनिटांचा केरही आता जमेस धरला जातो.

वजनाच्या बाबतीतही छोट्या हालचाली अगदीच नगण्य नसतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे जेम्स लेविन यांनी १९९९ मध्ये सोळा स्वयंसेवकांना आठ आठवडे रोज हजार उष्मांक जादा दिले. कोणाची चरबी अर्ध्या किलोहूनही कमी वाढली, तर कोणाची चार किलोहून अधिक. हा फरक मुख्यत: नकळत होणाऱ्या ऊठबस, उभे राहणे, वळणे अशा हालचालींचा होता. घरात सतत काही ना काही करीत राहणाऱ्यांचे हेच गुपित असते.

तरीही घरकाम व्यायामाची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. त्याच तत्त्वांत आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचालींबरोबर दोन किंवा अधिक दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायामही सांगितले आहेत. भांडी आणि पोळ्या यांनी स्नायूंवरचा भार क्रमाक्रमाने वाढत नाही. मान व कंबर मात्र एकाच बाजूने वाकत राहतात. पाटा-वरवंटा, जाते आणि उखळ यांच्या काळात हातांना जो भार मिळत असे, तो मिक्सर आणि कपडे धुण्याच्या यंत्राने केव्हाच काढून घेतला. ते चांगलेच झाले. पण त्या काळाचे दाखले आजच्या स्वयंपाकघराला लागू होत नाहीत.

प्रश्न वेळेचा

या चर्चेत खरे मोल आहे ते वेळेचे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदल्याची घरकामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. दुसरीकडे, महाराष्ट्रासह देशाच्या चार भागांत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासात ५४ टक्क्यांहून अधिक लोक शारीरिकदृष्ट्या निष्क्रिय आढळले. फावल्या वेळात व्यायाम वा खेळ करणारे दहा टक्केही नव्हते.

हे दोन्ही आकडे शेजारी ठेवले, की 'घरकाम हाच तुझा व्यायाम' या वाक्याचा दुसरा अर्थ उघड होतो. पावणेपाच तासांहून अधिक काळ कामात गेल्यावर फिरायला जाण्याचा अर्धा तास जिच्याकडे उरत नाही, तिला ते वाक्य दिलासा म्हणून ऐकवले जाते. प्रत्यक्षात तो अर्धा तास तिला नाकारण्याचे ते कारण बनते. याउलट घरकामाला काहीच न मानणारी नोंदवही तिला 'बैठी' ठरवून मोकळी होते. दोन्ही ठिकाणी तिच्या श्रमाचे मोजमाप चुकते.

व्यवहारी मार्ग अवघड नाही. जीवनशैलीचा पर्याय एकदाच आणि प्रामाणिकपणे निवडावा. त्यात रोजचे घरकाम आले, असे समजावे. व्यायामाच्या रकान्यात केवळ मुद्दाम केलेला व्यायाम आणि नेहमीपेक्षा खरोखर वेगळे, कष्टाचे काम मांडावे. तेही यंत्राने दाखवलेल्या आकड्याच्या निम्मे धरणे सुरक्षित. तीन-चार आठवडे वजनाचा कल पाहावा आणि त्यानुसार आहाराचा आकडा बदलावा, कारण कोणत्याही सूचीपेक्षा काटा अधिक खरे बोलतो. आणि घरातील केर-फरशीचा वाटा इतरांनीही उचलावा. त्यामुळे उचलणाऱ्याच्या खात्यात काही मिनिटांची मध्यम हालचाल जमा होईल आणि जिच्या हातून ते काम सुटेल, तिला पायांत बूट घालून घराबाहेर पडायला अर्धा तास मिळेल.