टेनिसचे पहिले महिने, भाग ४ : चूक दिसते हातात, असते पायात

मागच्या भागात रॅकेटची आणि ग्रिपच्या मापाची निवड झाली. आता कोर्टावर उतरायचं.

आपल्याकडे टेनिस शिकायला येणाऱ्या बऱ्याच जणांचा हात सोसायटीतल्या बॅडमिंटनवर बसलेला असतो आणि पहिला घोळ तिथेच होतो. बॅडमिंटनची रॅकेट शंभर ग्रॅमच्या आतली, शटल जेमतेम पाच ग्रॅमचं. तिथे मनगटाच्या झटक्यावर भागतं. टेनिसची रॅकेट पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास आणि चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा. हा भार मनगटावर घेतला की एक चेंडू नेटमध्ये, दुसरा कुंपणापलीकडे, आणि काही आठवड्यांनी कोपराच्या बाहेरच्या बाजूला ठणका. या ‘टेनिस एल्बो’चं नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं ते २००४ साली, सचिन तेंडुलकरच्या कोपरामुळे. टेनिस न खेळताही ते होतं. पण नवशिक्याने ढिल्या मनगटाने, उशिरा मारलेला एकहाती बॅकहँड हा त्याकडे जाणारा जवळचा रस्ता.

त्यातला ‘उशिरा’ हा शब्द महत्त्वाचा. माझ्या मते मनगट हा दुय्यम आरोपी आहे. कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून एखाद्या नवशिक्याकडे दहा मिनिटं नीट बघा, चेंडूकडे नको. समोरून फटका सुटतो, तेव्हा हा टाचांवर उभा असतो. चेंडू नेट ओलांडतो, तरी रॅकेट पोटासमोरच. टप्पा पडतो आणि मग एकदम धांदल उडते : रॅकेट भसकन मागे जाते, तोवर चेंडू कमरेशी आलेला असतो. आता हात लांब करायला जागाच उरलेली नाही. मग कोपर बरगड्यांना चिकटवून, मनगट मुरडून चेंडू कसाबसा पलीकडे ढकलला जातो. बाजूने सल्ला येतो, ‘मनगट घट्ट ठेव!’ मनगट बिचारं काय करणार? चेंडू तारांवर टेकलेला असतो सुमारे पाच मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग. तेवढ्यात काही सुधारता येत नाही. फटका चांगला की वाईट, ते त्याआधीच ठरलेलं असतं.

म्हणून सुरुवात पायांपासून. प्रतिस्पर्धी चेंडू मारत असतानाच एक छोटी उडी घेऊन दोन्ही पायांच्या चवड्यांवर उतरायचं. याला ‘स्प्लिट स्टेप’ म्हणतात. अव्वल खेळाडू प्रत्येक फटक्याआधी ती घेतात. टीव्हीवर आपली नजर चेंडूमागे धावते, त्यामुळे ती दिसत नाही. चेंडू नेट ओलांडायच्या आत खांदे वळलेले हवेत. खांदे वळले की रॅकेट आपोआप मागे जाते, वेगळी न्यावी लागत नाही. मग छोट्या पावलांनी अंतर जुळवायचं आणि चेंडू पुढच्या पायाच्याही थोडा पुढे गाठायचा.

सर्व्हिसची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे चेंडू तुमच्याच हातात असतो. तरीही बहुतेक जण तळहात हँडलच्या मागे सपाट ठेवून पकडतात. प्रशिक्षक तिला ‘फ्रायिंग पॅन ग्रिप’ म्हणतात. या पकडीने पहिल्या दिवशीच चेंडू आत पडतो, आणि घात तिथेच होतो : पुढे ना वेग वाढतो, ना स्पिन मिळतो. कॉन्टिनेंटल ग्रिप घ्या. हातोडी धरतो तशी. सुरुवातीला चेंडू वाकडे जातील, जाऊ द्या. टॉस चुकला तर त्याच्यामागे धावत रॅकेट फिरवू नका. फटका मारायचा प्रयत्न केला नसेल, तर चेंडू झेलून पुन्हा उडवायची नियमात मुभा आहे. ती घेताना लोक का लाजतात, कोण जाणे.

नेमबाजीतली हौसही आवरा. नेटला घासून, सरळ रेषेत मारलेला फटका देखणा दिसतो खरा. पण नेट मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर उंच, तर खांबाशी १०७. शिवाय सिंगल्स कोर्टाची लांबी २३.७७ मीटर आणि कर्ण २५ मीटरहून थोडा जास्त. म्हणजे तिरका फटका सखल भागावरून जातो आणि त्याला पडायला जागाही जास्त मिळते. नेटच्या वर हातभर अंतर ठेवून तिरकं मारा.

शेवटची चूक शिकणाऱ्याची कमी, शिकवणाऱ्याची जास्त : पहिल्याच दिवशी पूर्ण कोर्ट आणि नेहमीचा पिवळा चेंडू. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत संथ चेंडू सक्तीचे केले. लाल चेंडू सर्वांत संथ, मग नारिंगी, मग हिरवा. आपल्या क्लबांत मात्र चाळिशीतल्या नवशिक्याला नारिंगी चेंडू दिला की त्याला तो पोरखेळ वाटतो. वास्तविक उशीर होण्यावर याहून सोपा उपाय नाही.

या आठवड्यात प्रशिक्षकांकडे नारिंगी किंवा हिरवे चेंडू मागा. टप्पा पडताच मोठ्याने ‘टप्पा’ म्हणा, मारताना ‘मार’. टिमोथी गॅल्वे यांच्या १९७४च्या ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ने लोकप्रिय केलेला हा सराव आहे. शेजारच्या कोर्टावरचे हसतील, हसू द्या. पुढच्या भागात बॅकहँड : एका हाताने की दोन?