भरतीसाठी पळताना जांघेत दुखतंय? अंगावर काढू नका. न पडताही खुब्याचं हाड मोडू शकतं

लातूर : पहाटे पाचला औसा, अहमदपूर, निलंगा, देवणी, कुठल्याही तालुक्यातल्या रस्त्यानं जा, कडेनं पळणारी पोरं-पोरी दिसतातच. कुणाला पोलिस व्हायचंय, कुणाला अग्निवीर. पोलिस भरतीत मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण एकट्या लांब पळण्याला आहेत. त्यासाठी मुलं १६०० मीटर पळतात, मुली ८०० मीटर. म्हणून भरतीची जाहिरात निघाली, की जो तो ग्राउंडवर उतरतो. चार महिने घरी बसलेला पोरगाही पहिल्याच आठवड्यात रोज पाच-सहा किलोमीटर मारू लागतो.

पंधरा-वीस दिवसांत कुणाची तरी कंबर धरते, कुणाचा खुबा दुखतो, कुणाच्या जांघेत कळ येते. सोबतचे सांगतात, "शीर भरली असंल, पळलं की मोकळी होईल." बऱ्याचदा होतेही. पण जांघेतलं दुखणं मात्र अशा सल्ल्यावर सोडायचं नसतं.

कुठं दुखतंय, ते आधी बघा

खुब्याचा सांधा म्हणजे उखळात बसवलेला गोळा. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं आणि ते कमरेच्या हाडातल्या खोबणीत फिरतं. हा सांधा बराच आत, जांघेच्या बाजूला असतो. त्यामुळं दुखण्याच्या जागेवरून पहिला अंदाज येतो.

बाहेरच्या बाजूला, पँटच्या खिशाखाली दुखत असेल आणि त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर बहुतेक वेळा तिथले स्नायू आणि त्यांच्या दोऱ्या ताणलेल्या असतात. पळणं कमी केलं आणि व्यायाम केला, की हे हळूहळू बरं होतं.

मागं, ढुंगणात दुखून कळ पायात खाली उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर मूळ दुखणं कमरेच्या मणक्यात असू शकतं.

पुढं, जांघेत खोलवर दुखत असेल, पळताना वाढत असेल आणि बसलं की कमी होत असेल, तर पळणं त्याच दिवशी थांबवायचं. हाडाला बारीक तडा गेल्याची ही खूण असू शकते.

न पडता तडा कसा जातो?

म्हातारं माणूस मोरीत घसरलं की खुब्याचं हाड मोडतं, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तरुणाचं हाड एका दणक्यात मोडत नाही, पण हजारो दणक्यांनी थकतं. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, तिथंच पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच हे. पळताना हाडाची थोडी झीज होते आणि विश्रांतीत ती भरून निघते. रोजच पळलं आणि भार एकदम वाढवला, तर भरायला वेळच मिळत नाही.

सैन्यात हे दुखणं फार जुनं आहे. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहॉप्ट यांनी लांब चालून पाय सुजलेल्या सैनिकांची नोंद केली होती. ते पायाच्या पंजाचं हाड होतं. पंजाचं हाड सहसा विश्रांतीनं जुळतं. खुब्याच्या मानेचं तसं नाही. तडा वाढून हाड सरकलं, तर गोळ्याला रक्त नेणाऱ्या वाहिन्या तुटतात, गोळा सुकतो आणि ऐन विशीत सांधा बदलायची वेळ येऊ शकते.

गोळी खाऊन पळू नका

चाचणी जवळ आली, की दुखण्याची गोळी किंवा इंजेक्शन घेऊन पळणारे असतात. गोळीनं तडा बुजत नाही, फक्त कळ कळत नाही. उपाशीपोटी, घाम गाळून अशा गोळ्या रोज घेतल्या, तर पोट आणि किडनीलाही त्रास होतो. इंजेक्शन कशाचं आहे ते विचारल्याशिवाय घेऊ नका. स्टेरॉइड जास्त दिवस किंवा जास्त प्रमाणात घेतलं, तर त्यानंही खुब्याचा गोळा सुकू शकतो. दारूनंही तेच होतं.

डॉक्टरकडं कधी जायचं?

जांघेत दुखून लंगडायला होतंय, रात्री झोपेत ठणकतंय, पायावर भार देता येत नाही, यातलं एक जरी असलं तर थांबू नका. एका पायावर उड्या मारून स्वतः तपासू नका. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत किंवा नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हाडांचे डॉक्टर असतात. पळण्याची तयारी चालू आहे, हे त्यांना आधी सांगा. सुरुवातीच्या एक्स-रेत तडा बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून एक्स-रे चांगला आला तरी दुखणं राहिलं, तर एमआरआय लागेल का, ते विचारा. ऑपरेशन सांगितलं, तर ते महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारावं.

तयारी करताना एवढं पाळा

- आठवड्याला पळण्याचं अंतर एक दशांशापेक्षा जास्त वाढवू नका. या आठवड्यात १० किलोमीटर झालं, तर पुढच्या आठवड्यात ११.
- आठवड्यातून किमान दोन दिवस पळणं बंद ठेवा. शेतात दिवसभर खुरपणी किंवा पोती उचलणं झालं असेल, तर ती विश्रांती धरू नका.
- डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळं रोज एकाच कडेनं पळलं की एका खुब्यावर जास्त ताण येतो. मातीचं सपाट मैदान बरं. गोल मैदानावर कधी कधी दिशा बदला.
- घासलेला बूट टाकून द्या.
- उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं आणि कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, हे दोन व्यायाम एक दिवसाआड करा. जांघेत दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारूनच.
- वजन कमी करायला जेवण तोडू नका. भाकरी, डाळ, दूध, अंडी, तीळ, शेंगदाणे पोटात गेले पाहिजेत. मुलींची पाळी लांबली किंवा बंद झाली, तर हाडं कमजोर होत असल्याची ती खूण असू शकते. लाजू नका, आईला सांगा, डॉक्टरला दाखवा.

तडा वेळेत सापडला तर बऱ्याच जणांना काही आठवडे कुबड्या आणि काही महिने आराम लागतो. काहींना ऑपरेशन लागतं. त्यात एखादी भरती हुकेलही. घरच्यांनीही त्या पोराला "नाटकं करतो" म्हणून टोचू नये. भरती पुन्हा निघते, पण सुकलेला खुबा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.