बापाने भरलेली पिंपं

उत्तर स्पेनमध्ये, रिओहा या वाइनच्या मुलखातल्या आरो गावात वाइनच्या जुन्या पेढ्या रेल्वे स्टेशनला खेटून उभ्या आहेत. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा ही मुळं पोखरणारी कीड फ्रान्सच्या द्राक्षबागांवर पडली आणि तिथले व्यापारी वाइन शोधत रिओहात आले. माल आगगाडीने जायचा, म्हणून वखारी रुळांपाशी. त्यातलीच एक राफाएल लोपेझ दे एरेदिआ यांनी १८७७ साली काढली. पुढे एब्रो नदीच्या वळणावर त्यांनी तोंदोनिया ही बाग लावली. आज कारभार मारिया होसे, मर्सेदेस आणि हुलिओ सेसार या त्यांच्या पणतवंडांकडे आहे.

मन अडकतं ते मात्र आवारातल्या पिंपं बांधण्याच्या कारखान्यात. पिंपं तयार विकत मिळतात, बहुतेक जण तशीच घेतात. हे घर स्वतःचे कारागीर पदरी ठेवून आहे. अमेरिकी ओकच्या फळ्या आधी उघड्यावर वाळवायच्या, मग कड्यात गोल उभ्या करून मधोमध जाळ करायचा. लाकूड तापून नरमलं की वाकवायचं आणि लोखंडी पट्टे ठोकून आवळायचं. फळ्यांच्या सांध्यात ना खिळा, ना सरस. तरी २२५ लिटर वाइन वर्षानुवर्षं आत राहते.

पिंप गळू लागलं तर टाकून देत नाहीत, दुखरी फळी बदलतात. यात काटकसर आहेच, पण खरं कारण चवीचं. नवं लाकूड वाइनला व्हॅनिलासारखा वास लावतं. जुन्या पिंपाचा तो जोर ओसरलेला असतो. हवा तेवढी कणाकणाने आत येते आणि वाइन सावकाश मुरते. अधूनमधून ती गाळावरून निथळून दुसऱ्या पिंपात भरतात. रिओहाच्या नियमानुसार ग्रान रिझर्वा, म्हणजे दीर्घकाळ मुरवलेल्या वाइनचा दर्जा, मिळवायला लाकडात किमान दोन वर्षं पुरतात. तोंदोनियाची लाल ग्रान रिझर्वा पिंपात जवळपास दहा वर्षं असते, त्यावर बाटलीत आणखी काही.

म्हणून इथला वारसा कागदावर कमी आणि तळघरात जास्त दिसतो. आताच्या भावंडांचे वडील पेद्रो २०१३ मध्ये गेले. २००१ चा हंगाम त्यांच्या हयातीतला. त्याची ग्रान रिझर्वा बाजारात आली ती त्यांच्यानंतर कित्येक वर्षांनी. मधल्या काळात गडद, नव्या लाकडाचा दरवळ असलेल्या वाइनची लाट आली आणि रिओहातल्या अनेकांनी वाट बदलली. हे घर बदललं नाही. त्या हट्टाचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आणि काळजीही. द्राक्षं, मजुरी, ओक यांचे पैसे आज मोजायचे आणि बाटलीचे एक-दोन दशकांनी यायचे. गुलाबी ग्रान रिझर्वाचा २००० चा हंगाम संपल्यावर पुढची बाटली निघाली ती थेट २००८ ची. मधली सगळी वर्षं रिकामी. एवढा पैसा तळघरात अडकवून ठेवायला घर एकमताचं लागतं. वारसांची नावं सातबाऱ्यावर वाढतात तशी वाढत गेली आणि एकानेही आपला वाटा रोख मागितला, तर पहिला घाव या पिंपांवर बसेल.

शिवाय उन्हाळे तापताहेत. द्राक्षात साखर लवकर भरते, आम्लता घटते. आणि वाइनला वीस-तीस वर्षं तगवण्यात याच आम्लतेचा मोठा हात असतो. कितीही कसबी पिंपकार असला तरी त्याला ती परत घालता येणार नाही. त्यात स्पेनमध्ये लाल वाइन पिणारे कमी होताहेत. २०२३ मध्ये रिओहात साठा इतका तुंबला, की कच्चे घडच उतरवून टाकायला अनुदान द्यावं लागलं. तोंदोनियाला आज गिऱ्हाईक आहे, मागणीला माल पुरत नाही. पण यंदा पिंपात जाणारी ग्रान रिझर्वा विक्रीला येईल २०४० नंतर, आणि तिचं गिऱ्हाईक आत्ता कदाचित शाळेत असेल.