गाळ, धाप आणि नेम

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि भीमेचा फुगवटा करमाळा तालुक्यातल्या केत्तूर, वांगी, कंदर, कुगाव अशा गावांच्या शिवारात शिरला. पक्षी आले, त्यांच्यामागे कॅमेरे आले. पण इथला फोटो कायमच अंगमेहनतीचा. हिवाळा सरता सरता पाणी उतरतं, गाळपेरीच्या जमिनीपलीकडे ओला गाळ उघडा पडतो आणि रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा नेमका त्याच्याही पलीकडच्या उथळ पाण्यात चरत असतो. पिंढरीपर्यंत रुतत तिथवर पोचेतो छातीचा भाता झालेला असतो.

फिल्मच्या दिवसांत ही धाप महागात पडे. शंभर आयएसओची स्लाइड फिल्म, चारशे मिमीची लेन्स. ती हातात धरायची तर शटर निदान १/४०० सेकंद हवं, आणि भल्या सकाळच्या उजेडात तेवढा वेग मिळत नसे. ट्रायपॉड लावावा, तर त्याचे पाय गाळात खचत. रोल धुऊन आल्यावर कळे, की पक्षी स्तब्ध होता, हललो आपण.

त्यावरचे उपाय तेव्हाही साधे होते आणि आजही तेच आहेत. शेवटची पावलं मुद्दाम सावकाश टाकायची. बसून कोपरं गुडघ्यांच्या जरा पुढे टेकवायची. हाडावर हाड आलं की घसरतं. त्याहून बरं म्हणजे ताडपत्री अंथरून पालथं पडायचं आणि लेन्सखाली ज्वारी भरलेली पिशवी ठेवायची. सोलापूर जिल्ह्यात ज्वारीला काय तोटा!

राहिला श्वास. बहुतेक जण छाती भरून हवा घेतात आणि कोंडून धरतात. मग ताणलेल्या छातीतून हृदयाचा ठोका थेट लेन्सपर्यंत पोचतो. त्याऐवजी श्वास सहज सोडावा आणि पुढचा घेण्याआधी जो क्षणभराचा नैसर्गिक विसावा मिळतो, त्यात बटण हळूच दाबावं. रायफल नेमबाजीत हेच शिकवतात. २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेत्या झालेल्या तेजस्विनी सावंत आणि २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे स्वप्नील कुसाळे, दोघंही आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे. मात्र नेमबाज दम खाऊन नेम धरतात. गाळातून आलेल्याचं खरं नातं बायथलॉनशी आहे: बर्फावर स्की करत यायचं आणि धापा टाकतच पाच लक्ष्यं टिपायची. तिथे श्वास फार वेळ रोखून भागत नाही. दमलेल्या शरीराला हवा हवीच असते. ती अडवली की हात जास्तच थरथरतो. म्हणून श्वास चालू ठेवावा, घेण्यापेक्षा सोडणं लांबवावं आणि प्रत्येक श्वास सुटून संपताना दोन-तीन फोटो घ्यावेत.

१९९५ साली कॅननने हाताचं कंपन भरून काढणारी झूम लेन्स आणली. २०१४च्या सुमारास दोनेक किलोंच्या १५०-६०० मिमी झूम लेन्स हौशी माणसाच्या आवाक्यात आल्या. सोय झाली, नाही कसं म्हणू? पण यंत्र हाताची बारीक थरथर आवरतं. धापेने वरखाली होणारी छाती अख्खी चौकटच सरकवते, आणि तेव्हा रोहिताची चोच कापली जाते.

पुढे होड्यांनी गाळातली पायपीट बरीच वाचवली, पण इंजिनाची थरथर आणली. होडीत ट्रायपॉड ती थरथर कॅमेऱ्यापर्यंत पोचवतो. त्यापेक्षा आपलं अंग ती जास्त झेलतं. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. त्यामुळे लाइफ जॅकेट नको म्हणूच नये. ते घातलं की कोपरं छातीला नीट चिकटत नाहीत. तशी सवय घरीच करून यावी.

यंदा जाल तेव्हा नावाड्याला इंजिन लांबच बंद करायला सांगा आणि कॅमेरा उचलण्याआधी थोडा वेळ गप्प बसा. तुमचा श्वास खाली बसायला जेवढा वेळ लागतो, तेवढा बिचकलेल्या थव्यालाही पुन्हा चरायला लागण्यासाठी हवा असतो.