धाराशिवकडील परसबाग
बालाघाटाच्या पठारावरील धाराशिव जिल्ह्यात, जेथे मृगाचा भरवसा नाही आणि वैशाखात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेथे परसबाग आखणाऱ्या गृहस्थाने हिरवळीचा शौक, जो आमच्या मते नाहक खर्चाची बाब आहे, प्रथम रद्दबातल करावा. नळदुर्गास बोरी नदी अडवून बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल बांधणाऱ्यांच्या या मुलुखात जलसंचयाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. तथापि 100 चौरस मीटर छपरावर 20 मिलिमीटर पाऊस पडला असता सुमारे 2,000 लिटर पाणी उतरते, हा हिशेब ध्यानी घेऊन पन्हळीचा ओघ हौदात वळवावा. मोरीचे सांडपाणी केळी-अळूस द्यावे. शेवगा, सीताफळ यांच्या रोपांशेजारी बिनझिलईचे मडके गळ्यापर्यंत पुरून, भरून झाकले, म्हणजे त्याच्या सच्छिद्र अंगातून पाणी मुळांशी सावकाश झिरपते.