थायरॉइड आणि फोटोची धास्ती

गेल्या महिन्यात एक शिक्षिका दवाखान्यात आल्या. तीन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळी कणकण, वजनही उतरलेले. मी छातीचा फोटो काढायला सांगितला, तर त्या उठूनच उभ्या राहिल्या. "डॉक्टर, मला थायरॉइड आहे. लहानपणी दातांचे फोटो काढले, त्यानेच हे झालं म्हणतात. आता आणखी किरण नकोत!"

त्यांचा आजार हाशिमोटोचा. जपानच्या डॉ. हाशिमोटो यांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले. यात शरीराची संरक्षक यंत्रणा गळ्यातील थायरॉइड ग्रंथीलाच शत्रू समजते. ग्रंथी हळूहळू थकते. स्त्रियांत हा आजार जास्त आणि पुष्कळदा घराण्यात चालत आलेला. बाईंच्या आईलाही हाच त्रास होता, हे बोलता बोलता कळले.

मग किरणांचा काहीच संबंध नाही का? मोठी मात्रा ग्रंथीला नक्कीच घातक. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर किरणोत्सारी आयोडीन दुधावाटे मुलांच्या पोटात गेले आणि थायरॉइडचे कर्करोग वाढले. तेथील काही पाहण्यांत मुलांच्या रक्तात थायरॉइडविरोधी प्रतिपिंडेही अधिक आढळली. पण प्रतिपिंडे सापडणे म्हणजे आजार होणे नव्हे. नागासाकीच्या १९९४ च्या एका अभ्यासाने असा संबंध सुचवला होता. मात्र हिरोशिमा-नागासाकीतील वाचलेल्यांच्या २००६ च्या मोठ्या अभ्यासात किरणांच्या मात्रेबरोबर ग्रंथीतील गाठी वाढलेल्या दिसल्या, हाशिमोटोसारखे आजार नाहीत.

आणि ती मात्रा कुठे, छातीचा फोटो कुठे! एका फोटोत मिळणारे किरण म्हणजे माती, आकाश व अन्नातून आपल्याला काही दिवसांत सहज मिळतात तेवढेच.

बाईंना हे पटले. फोटोत डाग दिसला, थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. उपचार सुरू झाले. आणखी महिना दवडला असता, तर वर्गातल्या मुलांनाही धोका होता. क्षयाच्या रिफाम्पिसिन औषधाने थायरॉइडची गोळी कमी पडू शकते, म्हणून त्यांची रक्ततपासणी पुन्हा करणार आहे.

वाचकहो, विनाकारण फोटो काढू नका. जुने फोटो जपून ठेवा व डॉक्टरांना दाखवा. दिवस गेले असतील तर आधी सांगा. थायरॉइडची गोळी सकाळी अनशापोटी, न चुकता घ्या. पण डॉक्टरांनी गरज म्हणून सांगितलेला फोटो भीतीपोटी टाळू नका.